लॅकावानाचे प्रवासी डबे: आधी साल ठरवा, मग काळा रंग उघडा

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: घरात बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी मोकळी झाली आहे, खोलीच्या कोपऱ्यात ती वळून आणखी चार फूट जाते. तिच्यावर एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या मॉडेलमध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा-पट्ट्यातली लॅकावाना रेल्वे उभी करायची आहे. प्रवासी डबे कोणते घ्यावेत, कोपऱ्यात १८ इंच त्रिज्येचं वळण चालेल का, आणि कोळशाची रेल्वे म्हणून डबे किती काळे करावेत?

तिसरा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे दोन जवळजवळ आपोआप सुटतात.

कोळशाची रेल्वे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काजळी येते. मीही पंचवीस वर्षांपूर्वी लॅकावानाचे पहिले दोन डबे केले तेव्हा काळी पावडर घेऊन छपरापासून पायरीपर्यंत फासली होती. नंतर जुने फोटो एकेक करून बघत गेलो आणि ते डबे पुन्हा धुऊन रंगवले. कारण या रेल्वेची सगळी ओळखच उलटी आहे. पूर्ण नाव डेलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्न. न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या काठावरच्या होबोकेनपासून बफेलोपर्यंत ३९६ मैल, आणि वाटेत स्क्रँटन. स्क्रँटनच्या पोटात अँथ्रासाइट, म्हणजे कडक, काचेसारखा चमकणारा, जळताना धूर जवळजवळ न करणारा कोळसा. तोच कोळसा ही रेल्वे वाहायची आणि तोच आपल्या इंजिनात घालायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या जाहिरातींत फीबी स्नो नावाची एक तरुणी आली. ती पांढराशुभ्र पोशाख घालून बफेलोला जायची आणि उतरताना तो तसाच पांढरा असायचा, कारण गाडी अँथ्रासाइटवर चालते. इतर रेल्वेंवर खिडकी उघडी ठेवली की कपड्यांवर ठिणग्या आणि काजळी, हा तेव्हाच्या प्रवाशांचा रोजचा अनुभव होता. म्हणून ती जाहिरात लोकांच्या मनात बसली.

म्हणजे तुमच्या फळीवर काळं सगळीकडे हवं, पण डब्यांवर नको. खाणीच्या दाराशी हवं, राखेच्या आणि दगडमातीच्या ढिगांवर हवं, वाघिणींच्या तळाशी हवं. या काळ्यामधून स्वच्छ गाडी जाते तेव्हाच ती लॅकावाना वाटते.

मात्र हे एका काळापुरतं. पहिल्या महायुद्धात अँथ्रासाइट युद्धाच्या कामासाठी राखला गेला, रेल्वेच्या इंजिनांत तो जाळण्यावर बंधनं आली आणि फीबी जाहिरातीतून गेली. पुढच्या वाफेच्या काळात इंजिनांत मऊ बिट्युमिनस कोळसाही आला, आणि डब्यांची छपरं खरोखर काजळू लागली. डिझेल आल्यावर पुन्हा वेगळं चित्र: डब्यांच्या बाजू यंत्राने धुतलेल्या, आणि इंजिनाच्या लगेच मागच्या एकदोन डब्यांच्या छपरांवर तेवढा तेलकट धूर. न्यू जर्सीतल्या विजेच्या लोकल डब्यांवर चौथ्याच प्रकारचा मळ: ब्रेकच्या लोखंडाचा तांबूस भुगा बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, आणि खालच्या पट्टीवर, आणि तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफभोवती छपरावर काळसर डाग. लॅकावानाच्या डब्याचा मळ बघून साल ओळखता आलं पाहिजे. म्हणून साल ठरवल्याशिवाय काळ्या रंगाची बाटली उघडू नका.

आता इथे एक सापळा आहे, त्याबद्दल आधीच सांगतो. लॅकावानाचे म्हणून बाजारात आणि फोटोंत सगळ्यात जास्त दिसणारे डबे म्हणजे १९३०चे पुलमन कंपनीचे विजेचे डबे. एक मोटर डबा, त्याला जोडलेला एक बिनमोटरचा ट्रेलर, अशा १४१ जोड्या. गडद हिरवा रंग, बाजूंना रिव्हेटच्या रांगा, आत वेताच्या विणीच्या बैठका. ३००० व्होल्ट डीसी. ३ सप्टेंबर १९३० रोजी होबोकेनहून पहिली गाडी सुटली तेव्हा कंट्रोलरवर स्वतः थॉमस एडिसन होते. हे डबे ऑगस्ट १९८४ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षं चालले. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाचा जीव या डब्यांवर जडणारच. आपल्याकडे जीआयपीने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या जागी तेव्हा असलेल्या कंपनीने, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला १५०० व्होल्ट डीसीवर पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला सोडली, त्यानंतर साडेपाच वर्षांनी हे सुरू झाले. न्यू जर्सीत राहणारी कितीतरी मराठी मंडळी आजही डोव्हर, मॉरिसटाउन, समिटहून होबोकेनला जाताना याच मार्गाने जातात.

पण ती वीज डोव्हरपर्यंतच होती, स्क्रँटनपर्यंत कधीच गेली नाही. कोळशाच्या खाणीशेजारी हे डबे पेंटोग्राफ वर करून उभे करणं म्हणजे कसाऱ्याची लोकल मनमाडला नेण्यासारखं आहे. १९८४ नंतर यातले बरेच डबे पर्यटन चालवणाऱ्या छोट्या रेल्वेंनी घेतले, त्यामुळे वाफेच्या इंजिनामागे ते लावलेले फोटो भरपूर सापडतात. ते फोटो बघून मूळ काळातली गाडी अशी होती असं समजू नका. तुम्हाला कोळसा-पट्टा हवा असेल तर हे डबे सध्या बाजूला ठेवा.

दुसरा मोह फीबी स्नो नावाच्या गाडीचा. जाहिरातीतली बाई गेली तरी नाव लोकांच्या तोंडी राहिलं, आणि १५ नोव्हेंबर १९४९ला कंपनीने आपल्या दिवसाच्या मुख्य गाडीला ते दिलं. करडा आणि मरून रंग, मध्ये पिवळ्या रेघा, शेवटी टॅव्हर्न-लाउंज-ऑब्झर्वेशन डबा, म्हणजे पेयपानाचा आणि मागचा देखावा बघत बसायचा. पुढे टपालाचा आणि सामानाचा डबा, मग चेअर-कारसारखे बैठे डबे, डायनर. शिकागोला जाणारे स्लीपर बफेलोला निकेल प्लेट रेल्वेकडे सोपवले जायचे, त्यामुळे निकेल प्लेटचे ‘सिटी ऑफ’ अमुकतमुक अशा नावांचे परके स्लीपरही या गाडीत दिसत. १९५१पासून इंजिनं ई८ जातीची डिझेल. माझ्या मते अमेरिकेच्या पूर्वेतली ही सगळ्यात देखणी रंगसंगती आहे, आणि १९६०मध्ये लॅकावाना ईरी रेल्वेत विलीन झाल्यावर नव्या कंपनीनेही तीच ठेवली.

पण मोजमाप करा. हे डबे ८५ फुटी. एचओ म्हणजे १:८७, म्हणजे एक डबा जवळपास ३० सेंटिमीटर. सहा डबे आणि दोन इंजिनं धरली तर गाडी २३० सेंटिमीटरच्या घरात जाते. तुमची सरळ फळी ३६५ सेंटिमीटर. फलाटावर गाडी उभी केली की दोन्ही टोकांना फारसं काही उरत नाही, आणि १८ इंची वळणावर हे डबे एक तर उतरतील नाहीतर एकमेकांचे कोपरे घासतील. माझा आडाखा असा: डब्याच्या लांबीच्या अडीच पट त्रिज्या असेल तर गाडी बिनघोर चालते, तिप्पट असेल तर डोळ्यांना बरी दिसते. ३० सेंटिमीटरच्या डब्याला किमान ७५ आणि खरं तर ९० सेंटिमीटर हवेत. १८ इंच म्हणजे ४६.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: साल १९१२च्या आसपासचं धरा, आणि मुख्य मार्गाऐवजी ब्लूम्सबर्ग फाटा करा. स्क्रँटनहून निघून नॉर्थम्बरलँडपर्यंत जाणारा हा सुमारे ८० मैलांचा फाटा बराचसा सस्क्वेहाना नदीच्या काठाने जातो. वाटेत किंग्स्टन, नँटिकोक, बर्विक, ब्लूम्सबर्ग, डॅनव्हिल. नदीकाठचा असल्यामुळे फळी सपाट ठेवता येते. मुख्य मार्गावर स्क्रँटनहून पोकोनो डोंगर चढताना सुमारे दीड टक्क्याचा चढ आहे. आपल्या बोरघाटातल्या १:३७पुढे तो कमीच, पण तिथेही जड गाड्यांना आपल्या घाटासारखे मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची. बारा फुटांत दीड टक्का म्हणजे साडेपाच सेंटिमीटर उंची. ती करता येते, पण दोन फूट रुंदीच्या फळीवर तो चढ डोंगराचा वाटत नाही, फळी वाकल्यासारखी वाटते. एकदा करून पाहिलं आहे, पुन्हा करणार नाही.

१९१२ला फाट्यावरच्या छोट्या गाडीसाठी लाकडी डबे घ्या. साधारण ६० फुटी, म्हणजे एचओमध्ये २१ सेंटिमीटर. खाली आडव्या ताणाच्या सळया असतात, ट्रस रॉड म्हणतात त्यांना. लांब लाकडी चौकट मध्ये खचू नये म्हणून त्या घातलेल्या असत. दोन्ही टोकांना प्रवाशांनी चढायचा ओटा. एक डबा अर्धा सामानाचा आणि अर्धा बैठकींचा, त्याच्यामागे दोन साधे बैठे डबे. इंजिनासकट सगळी गाडी ८५ सेंटिमीटरच्या आत. अडीच पटीच्या हिशेबाने या डब्यांना ५२ सेंटिमीटर त्रिज्या लागते. कोपऱ्यात फळीला एक त्रिकोणी तुकडा जोडून २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर मिळवा. १८वरही हे डबे जातील, पण कपलिंग बोगीला जोडलेलं लागेल, आणि तसं कपलिंग डबे मागे ढकलताना त्रास देतं. फाट्याच्या टोकाच्या स्टेशनात इंजिन फिरवून घ्यायचं म्हणजे ढकलणं आलंच. त्यामुळे २२ इंच करा, कपलिंग डब्याच्या चौकटीला लावा आणि निश्चिंत व्हा.

इंजिन कॅमलबॅक. लॅकावानाचं ४-४-० (पुढे चार छोटी चाकं, मग चार मोठी चालक चाकं) कॅमलबॅक, क्रमांक ९५२, १९०५चं, जपून ठेवलं गेलं आहे. त्याचे फोटो सगळ्या बाजूंनी मिळतात, म्हणून तेच समोर ठेवा. या इंजिनांचा आकार कोळशानेच ठरवला आहे. अँथ्रासाइट सावकाश जळतो, त्यातून ही रेल्वे स्वस्त पडणारा बारीक चुराही जाळायची, आणि त्यासाठी भट्टीची जाळी फार रुंद लागते. रीडिंग रेल्वेच्या जॉन वूटनने १८७७मध्ये अशा भट्टीचं पेटंट घेतलं. भट्टी एवढी पसरली की मागच्या केबिनमधून चालकाला पुढचं काही दिसेना, म्हणून केबिन उचलून बॉयलरच्या मध्यावर बसवली. चालक मध्ये, आणि फायरमन मागे जवळजवळ उघड्यावर, दोघांमध्ये धड बोलणंही नाही. तुमच्या मॉडेलमध्ये फायरमनची आकृती मागच्या ओट्यावर नक्की ठेवा. नुसतं केबिन भरलेलं दिसलं की हे इंजिन खोटं वाटतं.

रंगाकडे वळतो. त्या काळात अमेरिकेत सर्रास दिसणारा गडद हिरवा रंग डब्यांना द्या, पण बाटलीतून थेट नको. मूळ रंगाचा नमुना उन्हात बघून मारलेला हिरवा घरातल्या दिव्याखाली काळाच दिसतो. मी त्यात एक पंचमांश फिकट राखाडी-हिरवा मिसळतो. रंग मिसळताना फळीवर जो दिवा कायमचा लावणार आहात, त्याच दिव्याखाली बसा. माझा मरूनचा एक अख्खा संच ट्यूबलाइटखाली नेमका जमला होता, आणि फळीवरच्या पिवळट एलईडीखाली विटकरी झाला. अक्षरं सोनेरी-पिवळी असतात. घरी छापलेल्या पारदर्शक डिकालवर, म्हणजे डब्यावर चिकटवायच्या छापील अक्षरपट्टीवर, पिवळा रंग हिरव्यात विरघळल्यासारखा नाहीसा होतो, म्हणून खाली पांढऱ्या शाईचा थर असलेलेच डिकाल छापून घ्या. पुण्या-मुंबईत असं छापणारे मिळतात, नाहीतर पांढऱ्या पट्टीवर छापून कापा.

मग मळ. एका डब्याचं सांगतो, तसं तीनही डब्यांना करा. छप्पर गडद राखाडी, पूर्ण मॅट. त्यावर मऊ ब्रशने फिकट राखाडी पावडर पुढून मागे एकाच दिशेने ओढायची, कारण धूळ वाऱ्याबरोबर मागे जाते. ठिणग्या-काजळीचा काळा डाग नाही. बोगी आणि चाकांच्या बाजूंना तांबूस तपकिरी, ब्रेकच्या लोखंडाचा. पायऱ्यांच्या मध्यभागी, जिथे बुटांनी रंग झिजतो, तिथे टोकदार ब्रशने लाकडाच्या रंगाचे दोन टिपके. खिडक्यांच्या खालच्या कडेला पाण्याच्या ओघळांची अगदी अंधूक उभी रेघ. एवढंच. खिडक्यांच्या काचा स्वच्छ ठेवा आणि एका खिडकीत पांढऱ्या पोशाखातली बाई बसवा. ही रेल्वे ओळखणारा माणूस फळीवर सगळ्यात आधी तिच्याकडे बघेल.

वजनाचं दुर्लक्ष होतं म्हणून आठवण करतो. एचओ डब्याचं वजन २८ ग्रॅम अधिक प्रत्येक इंच लांबीमागे १४ ग्रॅम असावं असा अमेरिकेतल्या मॉडेलकारांच्या राष्ट्रीय संघटनेचा संकेत आहे. २१ सेंटिमीटरच्या डब्याला साधारण १४५ ग्रॅम. लाकडी डब्यांचे प्लास्टिक संच फार हलके येतात, आत जमिनीवर शिशाच्या किंवा पोलादी पट्ट्या चिकटवा, पण मधोमध. टोकांना वजन दिलं की वळणावर डबा झुलतो. चाकं खऱ्या मापात ३६ इंची असतील अशी घ्या, ३३ इंची मालगाडीची. मालगाडीची चाकं लावलेला प्रवासी डबा बुटका दिसतो आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते पटकन कळतही नाही.

आता गाडीमागचा देखावा, कारण डब्यांचा स्वच्छपणा त्याच्याशेजारीच कळतो. अँथ्रासाइटच्या खाणीवर बिट्युमिनस कोळशाच्या प्रदेशातली, वाघिणींत कोळसा भरायची छोटी टिपल इमारत चालत नाही. इथे ब्रेकर लागतो: डोंगराच्या उतारासारखी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, पत्र्याची, असंख्य खिडक्यांची उंच इमारत. खाणीतला कोळसा वरच्या टोकाला नेऊन फोडायचा आणि खाली येता येता चाळण्यांनी आकारवार वेगळा करायचा: एग, स्टोव्ह, नट, पी, बकव्हीट, राइस. तुमच्या दोन फुटांत अख्खा ब्रेकर मावणार नाही. मागच्या भिंतीला चिकटलेला तीनचार इंच खोलीचा अर्धा भाग पुरतो. त्याच्याखालच्या वाघिणींत कोळसा भरताना खरा अँथ्रासाइटच कुटून चहाच्या गाळणीने चाळा. स्टोव्ह आकाराचा तुकडा खऱ्यात ४ ते ६ सेंटिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एका वाघिणीत सगळे दाणे एकाच आकाराचे हवेत. चाळलेल्या अँथ्रासाइटचा ढीग चमकतो. मॅट वार्निश मारून ती चमक घालवू नका.

१९१२ला खाणी रेल्वेच्याच मालकीच्या होत्या. न्यायालयाच्या निर्णयानंतर १९२१मध्ये त्या ग्लेन ऑल्डन कंपनीकडे गेल्या. पुढे या कंपनीने कोळशावर निळा रंग फवारून तो ‘ब्लू कोल’ नावाने विकला, त्यामुळे निळसर कोळशाच्या वाघिणी मॉडेलमध्ये फार सुंदर दिसतात. पण त्या तुमच्या सालात बसत नाहीत. त्याचा मोह पुढच्या फळीसाठी राखून ठेवा.

ब्रेकरबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या इमारतीत कोळशातून दगड वेचायला लहान मुलं बसवलेली असत. जानेवारी १९११मध्ये छायाचित्रकार लुइस हाइन यांनी स्क्रँटनजवळच्या पिट्स्टनमध्ये या मुलांचे फोटो काढले: धुळीने काळे झालेले चेहरे, बाकांवर वाकून बसलेली दहाबारा वर्षांची पोरं. तुमच्या फळीवर १९१२चा ब्रेकर असेल तर त्याच्या दाराशी ती मुलंही हवीत. टोप्या घातलेली, हातात जेवणाचा डबा घेतलेली चारपाच, रुळांच्या जवळ थांबून गाडी जाऊ देणारी. मी माझ्या फळीवर ती ठेवली आहेत, आणि लॅकावानाच्या स्वच्छ डब्यांची किंमत कोणाच्या फुप्फुसांनी मोजली हे मला त्यांच्याशिवाय दाखवता आलं नसतं. खाणीच्या आकृत्या म्हणून मिळणारे संच मोठ्या माणसांचे असतात. शाळकरी मुलांचा संच घेऊन कपडे गडद रंगवा, चेहऱ्याला राखाडी पावडर लावा, डोळ्यांभोवती तेवढी जागा फिकट सोडा.

कामाचा क्रम असा धरा. आधी फळी आणि २२ इंची वळण, त्यावर एकच डबा हाताने ढकलून बघा, दोन्ही दिशांनी, जोरात आणि हळू. तो उतरला नाही तर बाकीचे दोन मागवा. तिन्ही डबे एकाच निर्मात्याचे घ्या, नाहीतर छपरांची उंची जुळत नाही आणि ते नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं. परदेशातून मागवताना तिन्ही एकाच पार्सलमध्ये मागवा, पाठवण्याचा खर्च वाचतो. कॅमलबॅक जुन्या बाजारात मिळतं, पण घाई करू नका. विकत घेण्याआधी ते मंद वेगात चालतानाचं चित्रण मागा, कारण जुन्या मोटरींचा खरा त्रास हळू चालवतानाच दिसतो. आणि इंजिन येईपर्यंत डब्यांचं छप्पर रंगवून ठेवा.